हात आला का?

सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत पक्षाघात हा शब्द दवाखान्याच्या कागदावर राहतो. वेशीच्या आत आला की त्याचं नाव बदलतं. 'अंगावरनं वारं गेलं' असं म्हणतात. वारं कुठूनही येतं. पहाटे धार काढताना येतं, मोटार चालू करायला गेलेल्या माणसाला विहिरीच्या काठावर गाठतं, देवपूजा करता करता हातातली फुलं खाली पडतात. जाताना ते एक बाजू घेऊन जातं. पुढचे पंधरा दिवस घरात माणसांची रीघ असते. मग रुग्ण उठून बसू लागतो, भिंतीला धरून उभा राहतो आणि दोन-तीन महिन्यांत काठी टेकत उंबरा ओलांडतो. तोवर भेटायला येणाऱ्यांचा प्रश्नही बदललेला असतो. 'आता बरं हाय का?' मागे पडतं आणि दुसरंच सुरू होतं : 'हात आला का?'

हात 'येतो', असं म्हणतात. जणू तो परगावी गेलाय आणि सणाला परतेल. या बोलण्यात वाट पाहणं आहे, म्हणून ते बरं वाटतं. पण त्यात एक धोकाही आहे. परगावी गेलेलं माणूस आपल्या पायांनी परत येतं. हात तसा येत नाही, त्याला आणावा लागतो.

पाय आधी का येतो आणि हात का मागे राहतो, याला शरीरातलं साधं कारण आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्यांपैकी मधली धमनी सर्वाधिक वेळा तुंबते. हात आणि चेहरा हलवणारा मेंदूचा भाग प्रामुख्याने तिच्याच रक्तावर जगतो. पायाचा भाग आतल्या कडेला आहे आणि त्याला पाणी देणारा पाट वेगळा आहे. शिवाय चालण्यासाठी पाय थोडा ताठ असला तरी भागतं, खांबासारखा तो अंगाचा भार पेलतो. हाताला खांब होऊन चालत नाही. भाकरीचा तुकडा मोडताना अंगठा एकीकडे आणि बोटं दुसरीकडे जातात, मनगट किंचित वळतं, कोपर सरकतं, खांदा सगळ्यांना तोलून धरतो. एवढं सगळं एका घासासाठी लागतं.

त्यातून पुढचं वाक्य येतं. ते डॉक्टर बोलतात, शेजारी बोलतात, शेवटी रुग्ण स्वतःच बोलू लागतो : 'सहा महिनं झालं, आता जे यायचं ते आलं.' सहा महिने उलटले की वैद्यकाच्या भाषेत दुखणं जुनं होतं. पहिल्या तीनेक महिन्यांत मेंदू आपोआप बराच सावरतो आणि नंतर त्याचा वेग मंदावतो, हे खरं आहे. पण वेग मंदावला म्हणजे वाट बंद झाली, असं नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि या अंतरात हजारो घरांतले हात अडकून पडले आहेत.

किती हजार? मुंबईत 2005-06 मध्ये पक्षाघाताची लोकसंख्यानिहाय नोंद झाली होती. तीत पंचविशी ओलांडलेल्या दर लाख माणसांमागे वर्षाला 145 नवे रुग्ण आढळले. 2011च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात 30 लाख माणसं होती आणि सांगलीत 28 लाख. मुंबईचा आकडा गावाकडे जसाच्या तसा लावता येत नाही, हे मान्य. तरी अंदाजापुरता लावला तर दोन जिल्ह्यांत मिळून वर्षाला काही हजार माणसं होतात. त्यातली काही जातात, काही पूर्ण बरी होतात. उरलेल्यांची संख्या वर्षागणिक साठत जाते.

साठलेल्या या माणसांपैकी एकीला आक्का म्हणू. ही आक्का कुणी एक बाई नाही. कवठेमहांकाळपासून पाटणपर्यंतच्या घराघरांतून दिसणारं चित्र तिच्यात एकवटलं आहे, एवढंच. वय साठीच्या आसपास, वारं जाऊन तीन वर्षं झालेली, गेलेली बाजू उजवी.

आक्काचा उजवा हात छातीशी दुमडलेला असतो. कोपर वाकलेलं, मनगट खाली झुकलेलं, अंगठा आत घेऊन मूठ मिटलेली. तळहात धुवायचा म्हणजे घरात एक छोटा कार्यक्रमच असतो. मूठ सरळ जोर लावून उघडायला गेलं की ती आणखी आवळते, नखं रुततात. सुनेला आता युक्ती कळली आहे. आधी मनगट हलकेच आणखी खाली वाकवायचं. तसं केलं की बोटांकडे जाणाऱ्या लांब स्नायूंची ओढ सैल पडते आणि बोटं आपण होऊन थोडी उलगडतात. मग घामाचा आंबूस वास सुटलेला तळवा कोमट पाण्याने पुसायचा आणि बोटांत सुती कापडाची गुंडाळी ठेवायची. शरीरशास्त्राच्या पुस्तकात या ओढीला लांबलचक नाव आहे. सुनेला ते नाव ठाऊक नाही, युक्ती मात्र चोख येते.

आणखी एक गोष्ट या घरांत दिसते. दुपारी पडल्या पडल्या आक्का मोठी जांभई देते आणि तीन वर्षं न हललेला हात हळूहळू वर उचलला जातो, जांभई संपली की खाली येतो. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. 'हात आला!' म्हणून नातवंडं धावतात. आक्का लगेच मनाने हात उचलून बघते आणि तो जागचा हलत नाही. हा भास नसतो. इच्छेने हात हलवण्याची मेंदूतली वाट तुटलेली असते, पण जांभईची यंत्रणा मेंदूच्या बुंध्यातली, फार जुनी. तिचा धागा हातापर्यंत अजून शाबूत असतो. वैद्यकाने याची नोंद केली आहे. याचा अर्थ हात बरा होतोय असा लावता येत नाही. मात्र दंडातले स्नायू मेलेले नाहीत, एवढं त्यातून कळतं. मालक गेलाय, बैल गोठ्यातच आहेत.

मग बैल जुंपायला कुणी का जात नाही? घरात माया असते म्हणून. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे. आक्काने डाव्या हाताने ताट ओढलं की लेक म्हणते, 'राहू दे गं, मी भरवते.' पदर सारखा करायला सून धावते, वेणी नात घालते. उजव्या हाताने काही करायची पाळी येतच नाही. त्यात आपल्याकडे डाव्या-उजव्याचा विधिनिषेध आहे. हळदी-कुंकू डाव्या हाताने लावत नाहीत, प्रसाद डाव्या हातात घेत नाहीत, घास तर नाहीच. म्हणून आक्का समारंभांना जाणंच टाळते. हात गेला त्या दिवशी अर्धं अंग गेलं होतं, पुढच्या वर्षभरात अर्धं गाव गेलं.

न वापरलेल्या हाताचं मेंदूत काय होतं, हे 1996 मध्ये अमेरिकेत रँडॉल्फ नुडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर पाहिलं. मेंदूत हाताच्या जागेत छोटी इजा झाल्यानंतर ज्या माकडांकडून त्या हाताचा सराव करून घेतला नाही, त्यांच्या मेंदूतली हाताची उरलीसुरली जागाही आक्रसत गेली. ज्यांच्याकडून कसून सराव करून घेतला, त्यांची जागा टिकली. काहींच्या बाबतीत तर पूर्वी कोपर-खांद्याची असलेली जागा हाताने वापरायला घेतली. शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पड टाकलेल्या रानाचा बांध शेजारी दरसाल वीतभर सरकवतो. नांगर फिरता ठेवला तरच बांध जागेवर राहतो.

नांगर किती फिरवायचा, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक साधी गोष्ट केली. पक्षाघाताच्या रुग्णांच्या व्यायामसत्रांत जाऊन बसायचं आणि हाताच्या कामाच्या हालचाली प्रत्यक्ष किती वेळा होतात ते मोजायचं. सरासरी निघाली 32. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांकडून मेंदूत बदल दिसावा म्हणून एका दिवसात शेकडो वेळा हालचाल करून घेतात. माणसाच्या वाट्याला आल्या 32, आणि त्याही नावाजलेल्या केंद्रांत.

बत्तीस हा आकडा साताऱ्या-सांगलीच्या माणसाला सांगितला तर तो थक्क होईल. हा तालमींचा मुलूख आहे. कराडशेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. इकडे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कार घरोघरी आणि शाळाशाळांत नेण्यासाठी आयुष्यभर झटले. तालमीत शिरलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात कळतं की डाव नंतर, आधी मोजणी. पहाटे लाल मातीत जोर सुरू होतात, वस्ताद कोपऱ्यात बसून आकडा धरतो, बैठका शेकड्यांत मोजतात. बत्तीस जोर काढून कुणी आखाड्यात उतरत नाही. ही जाण इथल्या हाडामासांत आहे. तीच जाण आजारी हाताच्या वेळी मात्र कुठे जाते, कुणास ठाऊक. तेल लावून चोळणं होतं, कुणी कबुतराच्या रक्ताचा उपाय सुचवतं, सीमेपलीकडच्या कुठल्याशा गावी जडीबुटीसाठी जीप भरून जाते. मोजणी तेवढी होत नाही.

मोजणीची ही अडचण सोडवायला यंत्र पुढे आलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये नेव्हिल होगन आणि हर्मानो क्रेब्स यांनी 1989 च्या सुमारास एक यांत्रिक हात घडवायला घेतला. कारखान्यातले यंत्रमानव ठरलेल्या वाटेने ताकदीने जातात, मध्ये माणूस आला तर त्याला ढकलून देतात. यांना नेमकं उलटं हवं होतं. माणसाने ढकललं तर नमतं घेणारं, थांबला तर पुढे नेणारं. रुग्ण टेबलाशी बसतो, लुळा हात पट्ट्यांनी मुठीला बांधला जातो आणि समोरच्या पडद्यावर घड्याळाच्या आकड्यांसारखे गोल मांडलेले आठ ठिपके दिसतात. मधून निघायचं, एक ठिपका गाठायचा, परत मध्ये यायचं. तो गाठला की पुढचा.

यात पाहण्यासारखी गोष्ट आहे ती यंत्राच्या मदतीची. मुरलेला मल्ल नवख्या पोराशी खडाखडी करतो तेव्हा सगळा जोर लावत नाही. पोराने पट काढायचा प्रयत्न केला की अंग किंचित सैल सोडतो. पोराची ताकद जिथे कमी पडते तेवढीच आपली भर घालतो आणि पोर तयार होईल तसतशी ती भर काढून घेतो. हे यंत्र नेमकं हेच करतं. रुग्णाने स्वतः हालचाल सुरू केली नाही तर काही क्षण थांबतं, मग हलकं ओढतं. दुसऱ्या दिवशी रुग्ण थोडा पुढे गेला तर ओढ कमी करतं. आणि हे एका बैठकीत हजारेक वेळा, न कंटाळता, न थकता. रुग्णाला ओढून फिरवणं यात फायद्याचं नसतं. त्याने स्वतः जोर लावायचा आणि तो जोर वाया जाऊ द्यायचा नाही, यावर सगळं अवलंबून असतं.

मग या यंत्राने हात आले का?

उत्तर सरळ नाही आणि ते सरळ करून सांगू नये. 2010 मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या चार इस्पितळांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्ण 127, सगळे सहा महिन्यांच्या पुढचे, सरासरीने तर वारं जाऊन साडेचार वर्षांहून अधिक काळ लोटलेला. एका गटाला यंत्र, दुसऱ्याला थेरपिस्टने तितक्याच वेळा करून घेतलेल्या हालचाली, तिसऱ्याला नेहमीचेच उपचार. तासाभराच्या 36 बैठका, 12 आठवड्यांत. हात किती हलतो हे मोजायला स्वीडनच्या फुगल-मायर यांची 66 गुणांची परीक्षा जगभर वापरतात. 12 आठवड्यांनी मोठा फरक दिसला नाही. 36 आठवड्यांनी यंत्राचा गट नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा सुमारे 3 गुणांनी पुढे होता. माणसाने तितकीच मेहनत करून घेतलेल्या गटापेक्षा मात्र तो सरस नव्हता.

तीन गुण म्हणजे काय? कुणासाठी ते काहीच नाही. कुणासाठी शर्टाच्या बाहीत हात घालताना कोपर सरळ होणं. पण या निकालातली सर्वांत मोठी गोष्ट गुणांत नाही. साडेचार वर्षं उलटलेले हात हलत होते, ही ती गोष्ट. 'जे यायचं ते आलं' हे वाक्य तिथे खोटं ठरलं होतं.

2019 मध्ये ब्रिटनमधल्या 770 रुग्णांचा त्याहून मोठा अभ्यास आला आणि त्याने यंत्राच्या बाजूने बोलणाऱ्यांचा उत्साह उतरवला. हाताची हालचाल थोडी सुधारली, पण कामाची कसोटी घेतली तेव्हा नेहमीच्या उपचारांपेक्षा यंत्राने अधिक काही दिलं नव्हतं. खांदा-कोपर पडद्यावरच्या ठिपक्यांपर्यंत जात होतं. तेच कोपर ताटातल्या घासापर्यंत जाईलच, याची खात्री नव्हती. हेही तालमीतल्या माणसाला पटेल. नुसते जोर-बैठका काढून पट काढता येत नाही. जोर लागतोच, पण डाव वेगळा शिकावा लागतो, आणि डाव मातीत शिकतात. हाताची माती म्हणजे ताट, तांब्या, शर्टाचं बटण, नळाची तोटी.

यंत्र निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ काढणं घाईचं होईल. दोन्ही अभ्यासांची तुलना श्रीमंत देशांतल्या माणसांच्या मेहनतीशी होती. थेरपिस्ट आठवड्यातून तीनदा, पाऊण तास ते तासभर, तीन महिने फक्त एका हातासाठी देणं, ही तिथेही विशेष सोय करून घडवून आणलेली गोष्ट होती. जत किंवा माणमधल्या आक्काला माणूस की यंत्र असा पर्यायच नसतो. तिच्यासमोर प्रश्न असतो मोजणी की शून्य.

भारतात जी यंत्रं तयार होत आहेत, ती या जाणिवेतून होत आहेत. आयआयटी दिल्लीत मनगट आणि बोटांवर चढवायचा एक यांत्रिक पंजा बनला. रुग्णाने बोटं उघडायची नुसती धडपड केली तरी दंडाखालच्या स्नायूंत वीज सळसळते. ती पकडून पंजा हालचाल पुरी करतो. म्हणजे इच्छा रुग्णाची, ताकद यंत्राची. दिल्लीच्या एम्ससोबत जुन्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले. नुसता हात नव्हे, तर मेंदूतही बदल दिसत असल्याचं त्यांत मांडलं होतं.

दुसरं यंत्र आयआयटी मद्रास आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं, नाव 'प्लूटो'. टेबलावर मावणारी पेटी, आत एकच मोटर. तिच्यावर वेगवेगळ्या मुठी बसवता-काढता येतात. एकीने मनगट खाली-वर होतं, दुसरीने ते डाव्या-उजव्या अंगाला झुकतं, तिसरीने तळवा पालथा-उताणा होतो, चौथीने मूठ उघडते-मिटते. समोर पडद्यावर खेळ असतो आणि तो हाताच्या हालचालीने चालतो. 2024 मध्ये ते सर्वांसमोर आलं. रुग्णांच्या घरी ठेवूनही त्याची चाचणी झाली आहे, आणि महत्त्वाचं तेच आहे. मोठ्या शहरातल्या मोठ्या यंत्राकडे रोज जाणं हा गावाकडचा मार्ग नाही.

हे यंत्र वेल्लोरला व्हावं, यात एक जुना धागा आहे. 1940 च्या दशकाच्या शेवटी पॉल ब्रँड नावाचे शल्यविशारद तिथे कुष्ठरुग्णांच्या आखडलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करू लागले. एका स्नायूची शीर दुसरीकडे वळवून हाताला पुन्हा पकड द्यायची. पण त्यांना लवकरच उमगलं की शस्त्रक्रियेनं काम संपत नाही, माणसाला त्या हाताने सुतारकाम करायला शिकवावं लागतं. हात दुरुस्त करणं आणि हाताला काम देणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे तिथे सत्तर वर्षांपूर्वी कळलं होतं. मिरजेला ही भाषा परकी नाही. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये इथे रुग्णालय उभारलं आणि कुष्ठरुग्णांसाठीचं रिचर्डसन रुग्णालयही याच गावात आहे. मिरज-सांगलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 पासून आहे. कराडला कृष्णा विद्यापीठाचं फिजिओथेरपी महाविद्यालय आहे, तिथून दरवर्षी तरुण थेरपिस्ट बाहेर पडतात. माणसं घडवणारी ठिकाणं या दोन जिल्ह्यांत आहेत. ती माणसं आणि आक्काचा हात यांच्यामध्ये उभी आहे ती वाट.

ती वाट नेमकी कशी आहे? पाटणच्या डोंगरातल्या वाडीवरून कराडला यायचं तर आधी डांबरी रस्त्यापर्यंत उतरायचं, मग एसटी. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट झालं, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच फुकट प्रवास मिळाला होता, आणि त्याने खरंच फरक पडला. सोबत येणाऱ्या सुनेचं तिकीटही निम्मं झालं. पण सुनेचा दिवस निम्मा होत नाही. अर्ध्या तासाच्या व्यायामासाठी सकाळ ते संध्याकाळ जाते. ऊसतोड लागली की सोबतीचं माणूस फडात, हळद काढणीला आली की रानात. सरकारी विमा योजनांचा रोख दाखल झालेल्या रुग्णावर असतो. वर्षानुवर्षं चालणारा हाताचा व्यायाम त्यांच्या चौकटीत नीट बसत नाही. तीन आठवड्यांनी फेऱ्या थांबतात, आणि कागदावर लिहिलं जातं : रुग्ण आला नाही.

मग घरच्यांनाच शिकवावं, असा विचार पुढे येतो. भारतात तो मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला. 14 रुग्णालयं, 1250 रुग्ण. घरातल्या एका माणसाला व्यायाम शिकवून घरी पाठवायचं. 2017 मध्ये निकाल आला : सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन यांच्या प्रमाणात काही फरक पडला नव्हता. या निकालाने अनेकांची निराशा झाली. आक्काच्या सुनेचा दिवस पाहिलेल्याला त्याचं फारसं नवल वाटू नये. गोठा, चूल, पाणी, पोरांची शाळा, रान आणि त्यावर आता सासूचा हात. माया कमी नव्हती, मोजणीला वेळ नव्हता. शिवाय शिकवणारं माणूस एकदा शिकवून निघून गेलं तर वस्ताद कोण?

याच्या दुसऱ्या टोकाला लंडनचं उदाहरण आहे. क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयात हातासाठी तीन आठवड्यांत 90 तास मेहनत करून घेतात. 2019 मध्ये त्यांनी 224 रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांतल्या निम्म्यांहून अधिक जणांच्या दुखण्याला दीड वर्ष किंवा त्याहून जास्त काळ झाला होता. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा 66 पैकी गुण 9 च्या आसपास वाढलेले होते आणि टिकले होते. यंत्राचा अभ्यास 3 गुणांवर थांबला होता, इथे तिप्पट. फरक पाडला असावा तो तासांनी, आणि त्या तासांत माणसाच्या आवडीचं काम हातात दिलं जाण्याने. तुलना पाठ्यपुस्तकातल्यासारखी नेटकी नाही, कारण तिथे शेजारी दुसरा गट नव्हता. तरी 'सहा महिनं झालं' म्हणणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने हा आकडा एकदा डोळ्यांखालून घालावा, असं मनापासून वाटतं.

हे सगळं धरून साताऱ्या-सांगलीत काय होऊ शकतं? तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातली एक खोली पुरेल. टेबलावर प्लूटोसारखी एक पेटी, तिच्याशेजारी एक तरुण थेरपिस्ट. एकाने एकाच वेळी एकाच रुग्णाचा हात धरून बसायचं हा आजचा हिशोब तिथे बदलतो. एक हात यंत्रावर मोजणी करत असतो, दुसरा शेजारच्या टेबलावर ताट-तांब्याशी झुंजत असतो, तिसऱ्याचा खांदा दुखतोय का हे थेरपिस्ट तपासत असतो. खांद्याची काळजी तर फारच मोलाची. लुळ्या हाताला धरून माणसाला उठवण्याची आपल्याकडची सवय खांदा निखळवते. मग दुखण्याच्या भीतीने माणूस हात हलवायलाच तयार होत नाही. हे सांगायला यंत्र लागत नाही, कुणीतरी घरी जाऊन सांगावं लागतं.

आणि कसोटी इथली असावी. हाताच्या कामाची परीक्षा घेणारी एक पेटी जगभर वापरतात. तिच्यात लाकडी ठोकळे, गोट्या, क्रिकेटचा चेंडू आणि धार लावायचा दगड असतो, एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतायचं असतं. परीक्षा चांगली आहे. पण आक्काने आयुष्यात क्रिकेटचा चेंडू धरला नाही. तिच्यासमोर ठेवायचं ते सूप आणि त्यात ओतलेली हळद.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या बाजारपेठेचं नाव देशभर आहे. पण इथे मुद्दा हळकुंडाच्या आकाराचा आहे. जाड गड्डा मुठीत धरावा लागतो, लांब हळकुंडाला तीन बोटं पुरतात, बारीक तुकडा उचलायला अंगठा आणि तर्जनीच हवी. कठीण असतं, निसटत नाही, पडलं तरी फुटत नाही, आणि उचललेला प्रत्येक नग मोजता येतो. आक्काने आयुष्यभर हेच निवडलं आहे. हाताला काम नवं नाही, वाट नवी शोधायची आहे.

दुपारच्या सावलीत सूप पुढ्यात येतं. डाव्या हाताला पदराखाली गुंडाळून ठेवलंय, त्याला आज काम नाही. उजवा हात सुपाच्या काठावरून सरकत एका गड्ड्याशी जातो. बोटं उघडत नाहीत. सून मनगट किंचित खाली वाकवते, बोटं सैल होतात, गड्डा आत शिरतो, मूठ मिटते. मग तो उचलून वीतभरावरच्या परातीत न्यायचा आणि तिथे सोडायचा. धरण्यापेक्षा सोडणं अवघड, हे पाहणाऱ्याला इथे पहिल्यांदा कळतं. मूठ उघडेपर्यंत आक्काचे ओठ घट्ट मिटलेले असतात, कपाळावर घाम असतो. गड्डा परातीत खट् करून पडतो.

'किती झालं?' आक्का विचारते.

'एकेचाळीस.'

शेजारची म्हातारी दारात येऊन टेकते, बघत राहते. 'आक्के, हात आला का गं?'

'थांब जरा,' आक्का सुपातून मान वर न करता म्हणते, 'मोजणी चुकंल.'